कापशासाठी धरलेला हट्ट
आमच्या कापशा नावाच्या सशाने रात्रभर कोथिंबिरीला तोंड लावले नव्हते आणि सकाळी पिंजऱ्यात एकही लेंडी दिसली नाही, म्हणून त्याला तातडीने दवाखान्यात नेले. डॉक्टर प्रामुख्याने कुत्र्या-मांजरांचे. त्यांनी तोंडावाटे द्यायचे अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक लिहून दिले. या औषधाने सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून जीवघेणे जुलाब होऊ शकतात, हे ठाऊक असल्याने मी आवाज न चढवता चिठ्ठी परत केली आणि आधी तापमान पाहून वेदनाशामक व सलाइन देण्याची विनंती केली. डॉक्टर चिडले, तेही साहजिकच होते. तापमान ३६.८ अंश निघाले; सशाचे एरवी ३८.५ च्या पुढे असते. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली त्याच्या कुशीला लावली. तिसऱ्या पहाटे चार बारीक, ओबडधोबड लेंड्या सापडल्या. त्या मी दोनदा मोजल्या.