चवथीआधी काढलेलं पाणी

सत्तरीतले आजोबा, सुपारीच्या बागेचे, कुळागराचे मालक. फायलीवर निदान पार्किन्सनचं, गोळ्या कधीपासून चालू, उपयोग शून्य. पाऊल शेताच्या चिखलातून उपसावं तसं उचलायचे.

मी फिजिओथेरपिस्ट. निदान करणं माझं काम नव्हे, हे मला अधूनमधून ऐकवलं जातं. पण चाल बघायला वेळ असतो तो आम्हालाच. पार्किन्सनचा माणूस पाय जवळजवळ ठेवून चालतो, त्याचे हात झुलत नाहीत, जमिनीवर पट्टे आखून दिले की अडलेलं पाऊल बरेचदा सुटतं. आजोबांचे पाय फाकलेले, हात छान झुलणारे, पट्ट्यांनी काही फरक नाही. शिवाय लघवीवर ताबा नाही आणि विसरभोळेपणा. घरच्यांनी तो वयाच्या खात्यावर टाकलेला.

स्कॅनमध्ये मेंदूतल्या पोकळ्या फुगलेल्या दिसल्या. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. हकीम आणि अ‍ॅडम्स यांनी 1965 साली मांडलेला. मेंदूत रोज अर्धा लिटरभर पाणी तयार होतं आणि रक्तात शोषलं जातं. इथे तो निचरा बिघडतो.

टॅप टेस्ट ठरली. कमरेतून 40 मिली पाणी काढायचं आणि चाल सुधारते का बघायचं. बरेच जण 'बरं वाटतंय' एवढं लिहून मोकळे होतात. मी टेपने 10 मीटर आखते, वेळ घेते, पावलं मोजते आणि वळण वेगळं मोजते, कारण ही माणसं वळतानाच पडतात. आधी वळायला 11 पावलं लागली. पाणी काढल्यावर 5.

आजोबा स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. "बाय, औंदा माटोळीचं सामान आणायला मीच रानात जाणार." माटोळी म्हणजे चवथीला, गणेश चतुर्थीला, गणपतीवर टांगतात ती रानफळांची आरास.

आता शंट: डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत नळी, मध्ये झडप. सर्जननी जंतुसंसर्ग, नळी तुंबणं, रक्त साचणं असं सगळं एका दमात सांगितलं. मुलगा म्हणाला, "या वयात डोक्याला भोक? चवथ होऊ दे, मग बघू." सर्जन पुढच्या खाटेकडे गेले. आजोबांना कुणीच विचारलं नाही.

टॅपचा गुण काही तास, फार तर काही दिवस टिकतो. मुलाला ते बजावलं होतं. पण ज्याला चालून दाखवायला लावलं, त्याच्याकडून ते चालणं परत जाणार, हे त्याला कुणी सांगायचं?

चवथीनंतर फोन केला. सून म्हणाली, "आता म्हाळ चालू आहेत, दसऱ्यानंतर बघू." मागून आजोबांचा आवाज आला, "पाणी परत कधी काढतात, विचार." मी तिला बुधवारच्या ओपीडीची वेळ दिली.