तुम्ही विचारलंत म्हणून: तिच्या झग्याचा रंग कुठून आणलात?

जुन्या कृष्णधवल फोटोंना मी रंग देते. सध्या हातात आहेत ते अमेरिकेतल्या १९३०च्या दशकातल्या मंदीत पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या शेतमजुरांचे फोटो. ते पाहिले की तुमच्यातलं कुणी ना कुणी विचारतंच: "झगा याच रंगाचा होता, हे तुम्हाला कसं कळलं?"

कळलं नाही. कृष्णधवल फिल्मवर फक्त उजेड-अंधार उमटतो. विटकरी लाल आणि गडद हिरवा तिथे एकसारखे राखाडी होऊन बसतात, आणि त्या राखाडीवरून मूळ रंग काढता येत नाही. गवत, आकाश, लाकूड यांचा अंदाज बांधता येतो. कापडाचा नाही.

संगणकावर सोपवलं तर तो असंख्य रंगीत फोटोंवरून शिकलेला असतो. जिथे कुठलाही रंग असू शकतो, तिथे तो बहुतेकदा कमीत कमी चुकेल असा मधला रंग देतो. म्हणजे मळका तपकिरी. आणि फोटो गरिबाचा असला की तो आपल्याला खटकतही नाही, कारण गरिबी मातकटच असते असं आपण धरूनच चालतो. माझा राग आहे तो यावर.

त्या लोकांचे खरे रंगीत फोटो आहेत हो! फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने छायाचित्रकार खेडोपाडी धाडले होते. काम बहुतेक कृष्णधवलच, पण कोडाक्रोम फिल्म आल्यावर काहींनी रंगीतही फोटो काढले. रसेल ली यांनी १९४० साली न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउनमध्ये काढलेले फोटो बघा. टेक्सस-ओक्लाहोमा सोडून आलेली, जमिनीत खणलेल्या घरांत राहणारी माणसं, आणि बायकांच्या अंगावर फुलाफुलांचे छापील झगे. त्या काळात पिठाच्या पोत्यांचं कापडही छापील यायला लागलं होतं, कारण बायका त्यातून कपडे शिवतात हे गिरणीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. हौस मंदीतही मेली नव्हती.

सगळ्यात जास्त रंगवला जातो तो छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा 'मायग्रंट मदर' (स्थलांतरित आई) हा फोटो. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. गारठ्याने वाटाण्याचं पीक गेलेलं, तोडणीचे मजूर अडकून पडलेले. हनुवटीपाशी हात नेलेली ३२ वर्षांची आई, मांडीवर तान्हं, दोन मुलं तिच्या खांद्यांत तोंड लपवून पाठमोरी. फोटो छापून आल्यावर सरकारने तळावर २०,००० पौंड अन्न पाठवलं, पण तोवर तिचं कुटुंब पुढे निघून गेलं होतं. तिचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला कळलं १९७८ साली. ती चेरोकी वंशाची होती, हेही त्यानंतरच. आता रंगवलेल्या प्रतींमधली तिची गोरी-गुलाबी कातडी बघा. म्हणजे कापड सोडाच, कातडीचा अंदाजही बेभरवशाचा. त्या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही, अशी तिची तक्रार होती. म्हणून तो फोटो मी रंगवत नाही. तिला विचारून काही झालं नाही, त्यात माझी भर नको.

बाकीचे मात्र रंगवते, आणि मनापासून रंगवते. रंग आला की बघणारा थांबतो, चेहरे नीट बघतो, हे मी रोज पाहते. पोत्यांच्या कापडाचे त्या काळचे नमुने समोर ठेवते, राखाडी छटेशी जुळतील तेवढेच रंग निवडते, आणि मूळ फोटो शेजारी लावून खाली लिहिते: "कपड्यांचे आणि कातडीचे रंग अंदाजाने दिले आहेत." फोटो पुढे पाठवताना काही जण ती ओळ आणि मूळ फोटो कापून टाकतात. कृपा करून कापू नका.