चवडा, टाच आणि झान दमेस्यू : ऑर्गनच्या सरावाची नोंद, ऑगस्ट ते नोव्हेंबर

मंडळी, घरच्या ऑर्गनचा पेडलबोर्ड, म्हणजे पायांनी वाजवायच्या पट्ट्यांचा संच, अखेर पुरता बोलायला लागला. तीसच्या तीस पट्ट्या, खालच्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी चारपर्यंत. जुलैमध्ये पावसाची हवा खाऊन चार पट्ट्या फुगल्या होत्या आणि शेजारच्या पट्टीला घासून खालीच बसत होत्या. सुतारकाकांनी येऊन त्यांच्या कडांवरून रंधा फिरवला, मग मी दोन्ही बाजूंना मेण चोळलं. आता पाय उचलला की स्प्रिंग पट्टीला मुकाट वर आणते. काका निघताना बराच वेळ बघत उभे होते. "ताई, एवढं सागवान लावलंत, आणि हे पायानं वाजवायचं?" म्हणाले. हो, पायानं. त्यांच्या या प्रश्नाकडे पुढे परत यायचं आहे.

एक दुखणं मात्र राहिलं होतं. मधली पांढरी दोन एकदा दाबली की दोनदा वाजायची. माझ्याकडे प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक छोटं चुंबक आहे आणि त्याच्यासमोर काचेच्या नळीतला रीड स्विच, म्हणजे चुंबकानं चालणारं बटण. चुंबक जवळ आलं की नळीतल्या दोन पात्या चिकटतात, पण चिकटताना क्षणभर थरथरतात, आणि आर्डुइनो (पट्ट्या वाचणारा छोटा संगणक-बोर्ड) ती थरथर नवा सूर म्हणून मोजतो. सूर लागल्यावर पुढचे आठ मिलिसेकंद त्या पट्टीकडे बघायचंच नाही, अशी ओळ प्रोग्रॅममध्ये घातली आणि दुखणं गेलं. ज्यांना हाच त्रास आहे त्यांनी आधी हे करून बघा, लगेच स्विच उपटू नका. बाकी जुळणी पूर्वीचीच : संगणकाला जोडायचे दोन जुने मिडी कीबोर्ड एकावर एक, जुन्या लॅपटॉपवर ग्रँडऑर्ग हा ऑर्गनचा प्रोग्रॅम, आणि ऑस्ट्रियातल्या फ्रीसाखच्या चर्चमधल्या ऑर्गनचा मोफत मिळणारा ध्वनिसंच.

आता या वेळच्या सरावाचं खरं कारण सांगते. ११ नोव्हेंबर हा झान दमेस्यू या फ्रेंच ऑर्गनवादक स्त्रीचा स्मृतिदिन. १९६८ साली पॅरिसमध्ये ती गेली तेव्हा फक्त ४७ वर्षांची होती. ऑगस्टमध्ये ठरवलं की या वर्षी त्या दिवशी तिची नुसती रेकॉर्ड ऐकायची नाही, तिचं काहीतरी वाजवायचं.

तिला मी एकेरीत लिहिते, जसं आपण जिवाभावाच्या गाणारीला लिहितो. जन्म १९२१ चा, दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिएचा. बाराव्या वर्षी पॅरिसच्या सांत-एस्प्री चर्चची ऑर्गनवादक झाली आणि तिथे २९ वर्षं राहिली. १९४१ मध्ये कॉन्सर्व्हेटरीचं ऑर्गनचं पहिलं बक्षीस मिळालं, पण तिचे गुरू मार्सेल द्युप्रे यांनी तिला लगेच व्यासपीठावर बसू दिलं नाही. म्यूदाँच्या आपल्या घरी आणखी पाच वर्षं तालीम दिली. तालीम पुरी होईपर्यंत शिष्याला मैफल करू न देणारे गुरू आपल्याला नवे नाहीत, म्हणून तिच्या चरित्रातला हा भाग मला अगदी ओळखीचा वाटतो. फेब्रुवारी १९४६ मध्ये साल प्लेयेल सभागृहात ती पहिल्यांदा मैफलीसाठी लोकांसमोर बसली. लांब गाऊन, पायात उंच टाचांचे जोडे, समोर कागद नाही. सगळं पाठ. वर जागच्या जागी रचत वाजवलेली सिम्फनी. पॅरिस एका रात्रीत तिच्या नावानं वेडं झालं.

आणि मग थोड्याच काळात द्युप्रे यांनी तिच्याशी संबंध तोडले. का, ते कधीच उघड झालं नाही. ज्या माणसानं मुलीसारखं शिकवलं त्यानं दार लावून घेतलं. या जागी आले की मला आजही पुढे वाचवत नाही. ती मात्र वाजवत राहिली. युरोप आणि अमेरिकेत मिळून सातशेहून अधिक मैफली, १९५२ पासून बेल्जियममधल्या लिएझच्या कॉन्सर्व्हेटरीत अध्यापन, आणि १९६२ मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चच्या ऑर्गनवादकाचं पद. काव्हाये-कोल या नामांकित कारागिरानं बांधलेल्या तिथल्या ऑर्गनवर एकेकाळी सां-साँ आणि फोरे हे संगीतकार बसत असत.

मी तिला पहिल्यांदा ऐकलं ते सेझार फ्रांक या संगीतकाराच्या रचनांच्या तिच्या मुद्रणात. १९५९ मध्ये मादलेनमध्येच केलेलं ते मुद्रण, फ्रांकच्या बारा मोठ्या रचनांचं. रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून त्यातली 'तिसरं कोराल' ही रचना लावली होती. त्याच्या मधल्या संथ भागात एकच सुरावट ट्रंपेटच्या जातीच्या सुरावर जात राहते आणि खाली बाकीचे सूर तिला धरून असतात. ऑर्गनची पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच निघतो. मींड नाही, बोटानं लहानमोठं करणं नाही. मग गाणं येतं कुठून? सूर कधी सोडायचा यातून. झान प्रत्येक वाक्यानंतर केसाएवढी जागा ठेवते, आणि त्या जागेत आपणच श्वास घेतो. मी तो भाग त्या रात्री सहा वेळा ऐकला. संगीत नाटकातल्या पदाला ऑर्गनची साथ ऐकत वाढलेल्या मला तोपर्यंत हे वाद्य भरणा करणारं वाटत होतं, गाणारं नाही.

तर सराव. झाननं स्वतःसाठी सहा एत्यूद, म्हणजे सरावाच्या अवघड रचना, लिहिल्या, ओपस (रचना-क्रमांक) ५. पहिलीचं नावच 'पॉइंट्स', म्हणजे चवडे. पुढच्या तिसऱ्या सुराच्या जोड्या, सहाव्या सुराच्या जोड्या, आलटून-पालटून येणारे स्वरसमूह, पुनरावृत्त सूर आणि ऑक्टेव्ह, म्हणजे सप्तकाच्या जोड्या. बाकीच्या कलावंतांनी हातांसाठी लिहिलेले पेच तिनं पायांसमोर टाकले. पहिलीत पेडल जवळजवळ अखंड धावतो आणि सगळं पायांच्या चवड्यांनी करायचं. टाच टेकवायचीच नाही. माझ्या आवाक्याबाहेरचं आहे हे माहीत होतं, तरी फक्त पायांची पहिली ओळ घेतली. ऑगस्टअखेर मेट्रोनोम ४० वर, म्हणजे मिनिटाला ४० ठोके, तेही अडखळत. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नडगीचा स्नायू इतका दुखला की जिना उतरताना कठडा धरावा लागला. चार दिवस बंद.

त्या चार दिवसांत एक गोष्ट लक्षात आली, जी मला वर्षभर टाळायची होती. मी अनवाणी वाजवत होते.

आमच्या घरी अण्णांची पायपेटी आहे. अण्णा सांगलीत हौशी संगीत नाटकांना साथ करायचे. पेटीला बसण्याआधी चप्पल बाहेर, आणि भात्याच्या फळ्यांवर पाय ठेवण्याआधी वाकून हात लावून नमस्कार. आम्हां भावंडांचा चुकून वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करावा लागायचा. पायपेटीत पायांचं काम हवा भरण्याचं. पाय श्वास देतात, गातात ती बोटं. अशा घरात वाढलेल्या मला जोडे घालून वाद्यावर पाय ठेवायचे म्हणजे अंगावर काटा यायचा. सुतारकाकांच्या प्रश्नात तेच होतं.

पण शरीर काही वेगळंच सांगत होतं. अनवाणी पायाची टाच आणि चवडा एका पातळीवर असतात. टाचेनं पट्टी दाबायची तर घोट्यापासून सगळं पाऊल वर ओढावं लागतं, आणि चवड्यानं दाबताना टाच शेजारच्या पट्टीवर पडू नये म्हणून उचलून धरावी लागते. नडगी दुखणार नाही तर काय. जोड्याला टाच असली की चवडा आपोआप खाली कलतो आणि घोटा नुसता डुलतो. झानच्या उंच टाचा मी इतके दिवस फोटोतला थाट समजत होते. 'पॉइंट्स'ची ओळ पायात उतरवायला लागल्यावर कळलं की तिचं पाऊल मुळातच चवड्यावर उभं होतं. अर्थात तेवढ्या उंचीवर तोल सांभाळून तसं वाजवणं हे तिचंच सामर्थ्य, मी दीड इंचावर थांबले.

एका ओळखीच्या चांभारदादांकडून जोडे करून घेतले. तळ पातळ चामड्याचा, रबर अजिबात नाही, कारण पट्टीवरून पाऊल सरकायला हवं. पुढचा भाग निमुळता, काळ्या पट्ट्यांच्या मधून जाईल एवढा. बाजूच्या शिवणी आतून घेतल्या, म्हणजे दोन पावलं एकमेकांवरून जाताना अडकणार नाहीत. हे जोडे जमिनीवर चालत नाहीत. पांढऱ्या कापडी पिशवीत बाकावर असतात, बसल्यावर घालते, उठण्याआधी काढते. पहिल्या दिवशी घालण्याआधी पेडलबोर्डला वाकून नमस्कार केला, आणि मग मन शांत झालं.

ऑक्टोबरअखेर पहिली ओळ ५६ वर सलग आली. खऱ्या लयीपासून फार दूर आहे, पण दुखणं नाही आणि नजर खाली जात नाही. ज्यांना खाली बघायची सवय आहे त्यांच्यासाठी एक उपाय : काळ्या पट्ट्यांच्या दोन आणि तीनच्या गटांमधली रिकामी जागा डोळे मिटून पावलाच्या कडेनं शोधा, रोज दोन मिनिटं. पेटीवर बोटं जशी घर ओळखतात तशी पावलंही ओळखायला लागतात.

११ तारखेसाठी मात्र एत्यूद नव्हती ठेवली. झाननं १९४७ मध्ये ग्रेगोरियन, म्हणजे चर्चमधल्या जुन्या गायनाच्या, सुरावटींवर बारा छोटी कोराल-प्रिल्यूड लिहिली, ओपस ८. ती हौशी वादकाच्याही हाताला येतात. तिच्याबद्दल ज्यांना फक्त थक्क करणारी एवढंच माहीत आहे त्यांनी ही जरूर वाजवून बघा. पहिलं आहे 'रोराते चेली'. ख्रिसमसच्या आधीच्या आगमनकाळातलं जुनं गीत, आकाशांनो वरून दव शिंपडा, अशा अर्थाचं. मूळ सुरावट सा वरून थेट पंचमावर झेप घेते आणि मग तिथेच रेंगाळते. झाननं ती सजवून मांडली आहे, पण दागिने अंगावर टोचत नाहीत. मी उजव्या हाताला वरच्या कीबोर्डवर एकटा ओबो, म्हणजे सनईच्या जातीचा सूर, दिला, डाव्या हाताला मऊ बासऱ्या, पायांना सोळा फुटी नळ्यांचा खोल, जेमतेम ऐकू येणारा सूर. पाय इथे धावत नाहीत, पण प्रत्येक सूर नेमक्या क्षणी सोडावा लागतो. नाहीतर वरच्या सुरावटीचा श्वास बुजतो. तिसऱ्या कोरालमध्ये झान जी जागा ठेवते, ती मला इथे पायानं ठेवायची होती.

त्या संध्याकाळी अण्णा आले. ८१ वर्षांचे आहेत, ऐकायला थोडं कमी येतं, म्हणून स्पीकरजवळची खुर्ची दिली. त्यांनी जोडे पाहिले. काही म्हणाले नाहीत. मी झानचा फोटो कीबोर्डच्या वर टेकवला, निरांजन लावलं आणि बसले.

पहिल्यांदा वाजवताना शेवटच्या भागात डावी टाच घसरली. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. या वेळी जागा सापडल्या, सगळ्या नाही, पण सुरावट पंचमावरून खाली येताना जी हवी होती ती नेमकी मिळाली. सूर थांबल्यावरही फ्रीसाखच्या त्या चर्चमधला घुमार काही क्षण खोलीत राहिला. वळून पाहिलं तर अण्णांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांचे दोन्ही अनवाणी पाय फरशीवर आळीपाळीनं दाबत होते, एक खाली, एक वर, भाता मारल्यासारखे.