पत्रपेटीवरचं नाव आणि पहिला पगार

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मी एमएस्सी करायला जर्मनीला आले. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (माझ्याच नावाचं, पण गोठवलेलं खातं) वर्षाचे 11,904 युरो भरावे लागले, म्हणजे जवळपास 11 लाख रुपये. कर्जासाठी बँकेला शेत तारण नको होतं, म्हणून मामाचं दारव्ह्यातलं घर तारण ठेवलं. त्या खात्यातून महिन्याला 992 युरोच हाती येतात. भाडं आणि आरोग्य विमा गेला की हात आखडताच राहतो.

काम करायचं ठरवलं तेव्हा बाबांना फोनवर नियम सांगितला. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, नाहीतर 280 अर्धे.

"अन् अर्धा म्हणजे केवढा?"

"चार तासांपर्यंत."

"मंग वहीत लिहत जाय ना बाई, आपल्या वेचणीसारखं."

आमच्या घरी वेचणीची वही असते. संध्याकाळी ओट्यावर काटा लागतो, एकेकीचं गाठोडं तोललं जातं आणि नावापुढे किलो पडतात. तशीच वही मी केली: तारीख, तास, अर्धा की पूर्ण. विद्यापीठातच प्राध्यापकांकडे सहायक म्हणून काम मिळालं तर ते या दिवसांत धरत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. आधी तिथेच विचारायला हवं होतं.

मला काम मिळालं एका सुपरमार्केटमध्ये, माल लावायचं. तासाला 12.41 युरो, तेव्हाचं कायद्याने ठरलेलं किमान वेतन. पहाटे सहाची पाळी. थंडीत तेव्हा गावात साडेदहा वाजलेले असत आणि आई कापसात असे. दुधाचे क्रेट उचलताना बोटं बधिर व्हायची, तेव्हा तिचे बोंडांच्या टरफलांनी ओरखडलेले हात डोळ्यांपुढे यायचे.

पहिला पगार हातात आला आणि मी रडले. अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी होता, कारण माझ्याकडे करक्रमांक नव्हता. नगरपालिकेत पत्ता नोंदवला की करक्रमांक टपालाने घरी येतो. माझं पत्र आलं आणि परत गेलं, कारण खालच्या पत्रपेटीवर माझं नावच नव्हतं. तिथे पोस्टमन नाव बघूनच पत्र टाकतो. आपल्याकडे पोस्टमनकाका अख्खं घराणं ओळखतात, त्यामुळे असं काही मनातही येत नाही. क्रमांक दिला नाही म्हणून मालकाने सहाव्या करवर्गाने कापलं, म्हणजे सगळ्यात जास्त. त्यांची चूक नव्हती, कायदाच तसा आहे. मी पुन्हा अर्ज करून क्रमांक मागवला. पुढच्या वर्षी करविवरण भरलं आणि कापलेला कर परत मिळाला, कारण माझी वर्षाची कमाई करमुक्त मर्यादेच्या आतच होती. ते पैसे मी मामाकडे कर्जाच्या हप्त्यासाठी पाठवले.

एक मात्र जीव तोडून सांगते. या कमाईवर सगळं शिक्षण निघेल, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आठवड्याला 20 तासांपुढे गेलं की विम्यातली विद्यार्थ्यांची सवलत जाते, आणि परीक्षेच्या दिवसांत तेवढेही तास होत नाहीत. सायकलवर जेवण पोचवायचं काम स्वतंत्र धंदा म्हणून देतात, ते परवानगीशिवाय घेऊ नका. विद्यार्थी व्हिसावर ते चालत नाही.

आमच्या शेजारच्या गावची एक मुलगी येत्या ऑक्टोबरमध्ये निघते आहे. तिला मी एवढंच म्हटलं की किल्ली हातात पडली की आधी खाली जा आणि पत्रपेटीवर कागदाची चिठ्ठी चिकटव. पासपोर्टात आहे तसं, पूर्ण नाव.