माळवदाखालची बॅटन पट्टी : आरसीसीबी पाडणारा दोष सापडला!

सोलापूरच्या उत्तर कसब्यातल्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराचा दोष अखेर हाती लागला. नवा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज अर्थला गळताच पुरवठा तोडणारा स्विच) इस्त्री लावली की हमखास पडायचा आणि सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे स्विच) बंद असतानाही अधूनमधून पडायचा. खूण इथेच होती. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल मात्र सगळ्या सर्किटांच्या सामाईक बारवर जोडलेलाच राहतो. म्हणजे गळती न्यूट्रलमधून अर्थला. इस्त्रीच्या लोडने न्यूट्रल अर्थच्या वर 2 व्होल्ट चढला आणि वाटेत 20 ओहम धरले, तरी 100 मिलिअँपिअर भलत्या वाटेने जातात. आरसीसीबी बिचारा बरोबरच होता.

मेन बंद केलं, बल्ब काढले, एलईडी फिटिंग आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सोडवले (500 व्होल्टला ते जळू शकतात), स्विच सगळे चालू ठेवले आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावला. फेज-अर्थ 3 मेगओहम, न्यूट्रल-अर्थ सपाट शून्य! बारवरचे न्यूट्रल एकेक सोडवले. पीव्हीसी पाइपातलं पॉवरचं सर्किट 50 च्या वर, लाइटचं शून्य. अकरा पॉइंट ओळीने उघडत बसायचं नाही. मधला सिलिंग रोज (छतावरची जोडाची डबी) उघडून पुढच्या पॉइंटला जाणारा लूप तोडायचा, शून्य दाखवणारा अर्धा भाग धरायचा, पुन्हा मधोमध तोडायचं. चार जागा उघडल्या आणि दोष जिन्यात सापडला.

तिथे लाइटची जुनी वायर धरणारी लाकडी बॅटन पट्टी कोपऱ्यात वळते. वायर पट्टीवर आवळणाऱ्या लिंक क्लिपची पितळी कड टीआरएसच्या (रबरी आवरणाच्या वायरीच्या) रबरातून थेट तारेपर्यंत रुतलेली, आणि त्याच क्लिपखालून 14 गेजची उघडी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) अर्थ वायर गेलेली. क्लिप कापताच 4 मेगओहम. इस्त्री, मिक्सर, मोटर एकदम लावून तासभर पाहिलं, आरसीसीबी ढिम्म हलला नाही. फार समाधान वाटलं.

साध्या मल्टिमीटरच्या भरवशावर मात्र राहू नका. तो बॅटरीच्या काही व्होल्टांवर मोजतो. थेट शॉर्ट दाखवेल, पण मेलेलं इन्सुलेशन त्यात कळत नाही.

4 मेगओहम आल्यावर वायरिंग तसंच ठेवायचं ठरत होतं. मग होल्डरजवळची वायर बोटाने वाकवली, तर रबर काळ्या भुकटीसारखं गळून पडलं, आत तांबं उघडं. उन्हाळ्यात भेगांमध्ये कोरडी हवा असते म्हणून मेगर बरं बोलतो. पावसाळ्यात माळवद पाझरलं की तोच आकडा कोसळतो. म्हणून निर्णय बदलला. लाइटचं सर्किट पूर्ण नवं, पॉवरचं आहे तसं.

दीड चौरस मिमीची एफआर (आग सहज न पकडणारी) वायर, लाल आणि काळी 90 मीटरचं एकेक बंडल, हिरवी अर्थला. आयएस 694 या वायरीच्या भारतीय मानकाचा शिक्का बघाच, आणि घेण्याआधी तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम. स्वस्त पडलं तरी परत करा. मातीच्या भिंतीला खाच मारली की ढलपे सुटतात, म्हणून वरूनच बसवायची झाकणाची केसिंग-पट्टीच.

लिहिता लिहिता सुचलं : पट्टी जुन्या जागी, छताच्या लाकडी कड्यांना चिकटवून कशाला? तुळईच्या कुशीला, छतापासून वीतभर खाली नेली तर पाझर तिच्यावर येणारच नाही. वायर चारपाच मीटर जास्त लागेल. उद्या परवानाधारक वायरमन आला की आधी तुळईचं माप घ्यायचं, मगच केसिंग आणायचं.