भुताचा सिनेमा आणि रात्रीची लाईट

भुताच्या सिनेमाला मी कानांवर हात ठेवून बसतो. डोळे मिटणारी माणसं चुकीची जागा झाकतात, असं माझं इतक्या वर्षांच्या अनुभवाचं मत आहे. डोळे मिटले तरी दार करकरतंच, आणि त्या दारामागे काय उभं करायचं ते मग आपलं आपणच ठरवतो. कान झाका, की तीच पांढऱ्या बुबुळांची बाई हळदीत तोंड माखून घेतलेल्या मावशीसारखी दिसायला लागते.

‘मुंज्या’ आला तो २०२४च्या जूनमध्ये. जळगावचा जून! निम्मं थिएटर एसीसाठी आलेलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पडद्यावर कोकण, पिंपळ, मुंजीनंतर मेलेलं आणि लग्नाची हौस राहिलेलं पोरगं. भूत पहिल्यांदा पूर्ण दिसलं तेव्हा थिएटरात शांतता पसरली, आणि माझ्या शेजारचा काका पॉपकॉर्न चावत म्हणाला, “हा त आपला मुंजोबा ना, भो!”

खलास. पुढचा अर्धा तास मी घाबरायचा नुसता प्रयत्न करत होतो. काकाचंही खरंच होतं. यावलजवळ अट्रावलला माघात मुंजोबाची यात्रा भरते. लोक नवस फेडतात, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी खाऊन तृप्त होऊन घरी येतात. ज्याच्या नावानं एवढं जेवलो, त्याला भ्यायचं कसं?

त्याच सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा लागला. २०१८ला मी तो पाहिला तेव्हा आम्ही मोजून सहा जण होतो, त्यातला एक झोपलेला. या वेळी तिकिटाला रांग. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला जास्त धंदा करणारा सिनेमा म्हणजे भुतासारखाच प्रकार, मेल्यावर ताकद वाढलेला. राही अनिल बर्वेंनी त्यात जो पाऊस पाडलाय त्याला तोड नाही. फक्त खानदेशात एक अडचण होते. सारखा चिंब भिजलेला वाडा पाहून आमच्याकडे भीती वाटत नाही, हेवा वाटतो. कणकेची बाहुली निघाली तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. बट्टीची कणीक मळताना अजूनही कधी कधी ती आठवते.

‘स्त्री २’ही पाहिला. हसलो पुष्कळ, तक्रारही तीच. भीती नुसती अंगावर यायला लागते की कुणीतरी विनोद करून तिची हवा काढतो. भुताला हल्ली दहा मिनिटंसुद्धा सलग काम करू देत नाहीत. तशात ते कॉम्प्युटरवर बनवलेलं, प्रत्येक केसासकट दिसणारं. इतकं नीट दिसलं की भीती संपलीच.

न दिसण्याची गंमत काय असते, ते मला परवा कळलं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. जळगावहून शेवटचा शो पाहून घरी आलो, कपडेही बदलले नाहीत आणि मोटार चालू करायला केळीत गेलो. घडांना पांढऱ्या स्कर्टिंग बॅगा घातलेल्या. अंधारात ओळीनं, बरोबर माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एकेक फिकट आकार लटकलेला. वारा पडला होता, तरी कुठलंतरी एकच फाटकं पान खस्‌ करून हलायचं आणि थांबायचं. पार्श्वसंगीत नाही, मध्यंतर नाही. कानांवर हात ठेवावे तर मोबाइलची बॅटरी कोण धरणार? आणि खरं सांगायचं तर ऐकू येणंच बरं होतं, कारण पंधरा दिवसांपूर्वी पलीकडच्या बांधावर बिबट्याचे ठसे दिसले होते.

स्टार्टर दाबला, मोटार घुरघुरली. ठिबकचा कॉक फिरवताना मागं पुन्हा खस्‌ झालं. मी वळलो नाही. चाललो म्हणतो, पण ते पळणंच होतं.

थांबलो ते एकदम बांधावरच्या पिंपळापाशी. ओट्यावर शेंदूर फासलेला मुंजोबा, समोर कुणीतरी लावून गेलेली पणती, वात अजून जळत होती. तिथं चपला काढून मी निवांत बसलो, दम जाईपर्यंत.