गोटिंगेनच्या अलीकडचं स्टेशन

कासेल ते गोटिंगेन हा माझा आठवड्यातून तीनदा होणारा प्रवास. लोकल गाडी तासाभरात पोचवते. आयखेनबर्ग मागे पडलं की शेतं लागतात, मग फ्रीडलांड नावाचं छोटं स्टेशन येतं. मिनिटभर थांबून गाडी पुढे निघते. चार वर्षं मी ते स्टेशन खिडकीतूनच पाहत आलो. माझं लक्ष गोटिंगेनकडे. पुण्याच्या माणसाला त्या गावाबद्दल उगाचच आपलेपणा वाटतो. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे कीलहॉर्न पुढे तिथेच प्राध्यापक झाले, एवढं कारण पुरतं.

उतरायला भाग पाडलं ते आमच्या इमारतीतल्या आजींनी. आजी मी मनात म्हणतो. तोंडावर फ्राऊ आणि आडनाव, आणि दोघंही एकमेकांना अहोजाहो. वय चौऱ्याऐंशी. जिन्यात त्यांची पिशवी वर नेऊन देताना मी सहज म्हणालो, की आज गाडी फ्रीडलांडला वीस मिनिटं अडकली होती. त्या पायरीवरच थांबल्या.

"मी तिथे दोन दिवस उभी होते," म्हणाल्या. "चौदा वर्षांची होते. हातात वडिलांचा फोटो. हात भरून आला की आई घ्यायची, तिचा भरून आला की परत मी."

पुढच्या शनिवारी मी फ्रीडलांडला उतरलो.

उतरल्यावर फार चालावं लागत नाही, कारण जुन्या स्टेशनच्या इमारतीतच २०१६ पासून संग्रहालय आहे. हे गाव प्रसिद्ध व्हायचं कारण निव्वळ भूगोल. १९४५ मध्ये जर्मनीचे तुकडे पडले तेव्हा ब्रिटिश, अमेरिकन आणि सोव्हिएत अशा तीन विभागांच्या हद्दी इथे येऊन भिडल्या. रस्त्यावर माणसांचा पूर लोटलेला: पूर्वेकडून हाकलले गेलेले, घर शोधणारे, सुटलेले सैनिक. ब्रिटिशांनी सप्टेंबर १९४५ मध्ये गोटिंगेन विद्यापीठाच्या शेतीच्या गोठ्यांमध्ये छावणी उघडली. हो, गोठ्यांमध्येच. नंतर पत्र्याच्या अर्धगोल झोपड्या आल्या, पिंप आडवं अर्धं कापून ठेवावं तशा. त्यांतली एक अजून राखून ठेवली आहे. आत शिरल्यावर पहिला विचार आला तो जानेवारीचा.

नोंदणी, अंगावर डीडीटीची पावडर, गरम सूप, पुढच्या गाडीचा कागद. आलेल्याला एकदोन दिवसांत वाटेला लावायचं, हा इथला शिरस्ता. आजवर चाळीस लाखांहून जास्त माणसं या एवढ्याशा गावातून गेली. पण फ्रीडलांड म्हटल्यावर जुन्या जर्मन माणसाच्या डोळ्यांपुढे येतात ते रशियातून परतलेले युद्धकैदीच.

या कैद्यांचे आकडे वाचताना जरा सांभाळून वाचावे लागतात. सोव्हिएत दप्तरात साधारण चोवीस लाख जर्मन कैद्यांची नोंद आहे आणि साडेतीन लाखांहून थोडे जास्त मेल्याची. पश्चिम जर्मनीत नेमलेल्या आयोगाचा अंदाज मात्र तीस लाख कैदी आणि अकरा लाखांच्या आसपास मृत असा आहे. ही तफावत कारकुनी चुकीची नाही. पकडला जाणं आणि वहीत नाव चढणं यांच्या मधे बर्फातली पायपीट होती, मालगाडीचा डबा होता, टायफस होता. त्या वाटेत जो पडला, त्याचं नाव कुठल्याच वहीत चढलं नाही. स्टालिनग्राडला सुमारे नव्वद हजार शरण आले आणि पाच-सहा हजार परतले, यामागेही बरंचसं हेच आहे. शरण आले तेव्हाच ते उपासमारीने अर्धमेले झालेले होते.

आजींचे वडील स्टालिनग्राडला नव्हते. ते १९४४ च्या उन्हाळ्यात बेलारूसमध्ये बेपत्ता झाले. तिथे जर्मनांची पूर्ण आघाडीच कोसळली होती. त्याच कैद्यांपैकी सत्तावन्न हजारांची १७ जुलै १९४४ रोजी मॉस्कोच्या रस्त्यांवरून धिंड काढली आणि त्यांच्यामागून रस्ता धुणाऱ्या पाण्याच्या गाड्या सोडल्या. त्या धिंडीत ते होते की नव्हते, हे घरच्यांना कधीच कळलं नाही. आजींच्या आईने मात्र त्या धिंडीच्या चित्रफितीतला एक माणूस "हाच तो" म्हणून धरून ठेवला होता. पाठमोरा माणूस.

युद्ध संपल्यावर कैद्यांना लगेच का सोडलं नाही? संग्रहालयातली शाळेची मुलंसुद्धा हेच विचारत होती. उत्तर तसं सोपं आहे. सोव्हिएत देशाची दोन कोटी सत्तर लाख माणसं मेली होती, शहरं भुईसपाट झाली होती, खाणी पाण्याने भरल्या होत्या. दोस्तराष्ट्रांच्या याल्टाच्या बैठकीतच जर्मन श्रम हे नुकसानभरपाईचा भाग म्हणून धरले गेले होते. मग डोनबासच्या खाणीत कोळसा काढायला, स्टालिनग्राड आणि मिन्स्क पुन्हा उभं करायला, जंगलात झाडं पाडायला हे कैदी जुंपले. गुलाग, म्हणजे सोव्हिएत श्रमछावण्यांचं खातं, त्यापेक्षा वेगळं, युद्धकैद्यांपुरतं खातंच त्यासाठी होतं.

एका तक्त्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. कैद्यांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हायची. सगळे उघडे रांगेत. डॉक्टर, बहुधा बाई, प्रत्येकाच्या कुल्ल्याचं मांस चिमटीत धरून ओढायची. कातडी लगेच जागेवर गेली तर जड काम, हळू गेली तर हलकं काम, लोंबतच राहिली तर "डिस्ट्रॉफिक", म्हणजे उपासमारीने खंगलेला, काम माफ. माणसाचं नशीब चिमटीत असतं असं आपण नुसतं म्हणतो! १९४६-४७ च्या दुष्काळात तर खुद्द सोव्हिएत खेड्यांतच लोक भुकेने मरत होते. तरीही परतलेल्या अनेकांच्या आठवणींत एक रशियन म्हातारी असतेच, पहारेकऱ्याची नजर चुकवून बटाटा हातात कोंबणारी. तिचाही मुलगा बहुतेक जर्मनांनीच मारलेला असायचा.

कैदी स्वतःला "प्लेन्नी" म्हणत, रशियन शब्दच उचललेला. आणि पहारेकरी वर्षानुवर्षं एकच सांगत: "स्कोरो दमोय", लवकरच घरी. १९४७ च्या वसंतात मॉस्कोला जर्मनी वाटून घेतलेल्या चारही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ठरवलं, की १९४८ संपेपर्यंत सगळे कैदी परत पाठवायचे. १९४८ संपलं. मे १९५० मध्ये तास या सोव्हिएत वृत्तसंस्थेने जाहीर करून टाकलं, की १९,३९,०६३ कैदी परत पाठवले, काम पूर्ण झालं. उरले ते साडेतेरा हजार, शिक्षा झालेले किंवा चौकशीतले. पश्चिम जर्मनीत तेव्हा दहा लाखांहून अधिक सैनिक बेपत्ता म्हणून नोंदलेले होते. आजी म्हणाल्या, त्या दिवशी आईने रेडिओ बंद केला आणि परत लावला, जणू दुसऱ्यांदा काही वेगळं सांगतील.

उरलेल्यांना झालेल्या शिक्षा बहुतेक पंचवीस वर्षांच्या. फाशी १९४७ मध्ये रद्द झाली होती, त्यामुळे पंचवीस हाच वरचा आकडा. खटले काही मिनिटांत उरकलेले. त्यात खरे गुन्हेगार होते आणि अमुक तुकडीत होता एवढ्यावर अडकलेलेही होते.

सप्टेंबर १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर मॉस्कोला गेले. सोव्हिएतांना राजनैतिक संबंध हवे होते, आडेनाउअरना माणसं. सौदा झाला: ९,६२६ युद्धकैदी. आडेनाउअर परतले तेव्हा विमानतळावर एका कैद्याच्या म्हाताऱ्या आईने त्यांच्या हातावर ओठ टेकले. तो फोटो जर्मनीत सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये गाड्या सुटल्या. हेरलेसहाउझेनच्या हद्दीपर्यंत आगगाडी, तिथून बसने फ्रीडलांड, आणि वाटेतल्या गावांच्या चर्चमध्ये घंटा. छावणीची स्वतःची घंटा होतीच. आवारात गाईडबरोबर फिरताना ती दिसते. मी वाजवून पाहू का विचारलं, तर गाईडने माझ्याकडे नुसतं बघितलं.

फोटोंमध्ये त्या बसभोवती बायका दिसतात. पुठ्ठ्याच्या पाट्या, त्यावर फोटो, नाव, सैनिकी टपाल क्रमांक, शेवटची खबर. "याला कुणी ओळखतं का?" बसमधून उतरणारा प्रत्येक जण आधी त्या पाट्यांच्या रांगेतून जायचा. काही जण थांबून नीट वाचत, काही मान खाली घालून निघून जात. सापडलेले बापही होते. बारा वर्षांची मुलगी वर्षाची असल्यापासून न पाहिलेल्या बापाला भेटते, तो फोटो १९५६ च्या वर्ल्ड प्रेस फोटोमध्ये पहिला आला. मुलीच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला अजून नीट सांगता येत नाही. आनंद म्हणावा तर त्यात अनोळखीपण फार आहे.

आणि त्याच गाड्यांतून कार्ल क्लाउबेर्गही आला. आउशवित्झमध्ये ज्यू बायकांवर नसबंदीचे प्रयोग करणारा डॉक्टर. तोही "परतलेला युद्धकैदी". सुटून आल्यावर स्वतःच्या "संशोधना"च्या फुशारक्या मारायला लागला. नोव्हेंबरमध्ये त्याला अटक झाली आणि खटला उभा राहण्याआधीच १९५७ मध्ये तो मेला. हिटलरचा खासगी नोकर लिंगे आणि विमानचालक बाउर हेही त्याच महिन्यांत सुटले. परतलेल्यांनी फ्रीडलांडला सामूहिक शपथ घेतली होती, आम्ही खून केले नाहीत, लूट केली नाही, अशा अर्थाची. बहुतेकांच्या बाबतीत ती खरीही असेल. पण इतक्या जणांनी एका सुरात म्हटलेली शपथ ऐकली की मला त्या सुरात कोण कोण मिसळलं असेल, तेच ऐकू यायला लागतं.

दुपारी हागेनबर्गच्या टेकडीवर चढलो. दम लागतो. वर १९६७ चं स्मारक: अठ्ठावीस मीटर उंच काँक्रीटच्या चार पाती, आकाशात घुसलेल्या. परतलेल्यांच्या संघटनेने बांधलेलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही. फार मोठं आहे, आणि मोठेपणात दुःख सरसकट होऊन जातं. खालच्या पाट्यांवर वैर सोडा, पूल बांधा असं लिहिलं आहे. मला मात्र तिथे उभं राहून याच राज्यातली बेर्गेन-बेल्सनची छळछावणी आठवत होती. आन फ्रांकमुळे ते नाव आपल्याला माहीत आहे. पण त्याआधी तिथे सोव्हिएत युद्धकैद्यांची छावणी होती आणि सुमारे वीस हजार जण तिथे मेले, बहुतेक १९४१-४२ च्या पहिल्याच हिवाळ्यात, उघड्यावर, मातीत खड्डे खणून राहताना. जर्मनांच्या ताब्यात एकंदर सत्तावन्न लाख सोव्हिएत कैदी गेले, त्यातले तेहतीस लाख मेले. त्यांच्या आयांनी पाटी घेऊन उभं राहावं असं स्टेशनच नव्हतं. उलट जे जिवंत परतले त्यांची स्वतःच्याच देशात "शरण का गेलास" म्हणून झडती.

खाली उतरलो तर छावणीच्या फाटकाशी एक कुटुंब सामान घेऊन उभं. छावणी अजून चालू आहे. सोव्हिएत देशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले जर्मन वंशाचे लोक इथेच प्रथम येतात, २०११ पासून आश्रय मागणारेही. चाकांच्या बॅगा, एक प्रेशर कुकर खोक्याबाहेर डोकावत होता. संग्रहालयात सकाळी कैद्याने स्वतः ठोकून केलेली लाकडी पेटी पाहिली होती, कडीऐवजी तार असलेली. परतताना बहुतेकांकडे तशीच एक असायची, अंगात कापूस भरलेलं जाकीट आणि हातात ती पेटी.

संध्याकाळी आजींकडे गेलो. पाटी घेऊन उभं राहिल्यावर काय झालं, हे मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. काहीच झालं नाही. एकाने फोटो पाहून "असेल" म्हटलं, एवढंच. आईने तो "असेल" आणखी तीस वर्षं वापरला. मग १९९० नंतर रशियन दप्तरं उघडली आणि रेड क्रॉसकडून कागद आला. वडील फेब्रुवारी १९४७ मध्येच छावणीच्या इस्पितळात वारले होते. कारणापुढे डिस्ट्रॉफी. म्हणजे १९५५ मध्ये या दोघी जणी फोटो धरून उभ्या होत्या, तेव्हा त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. कागद आला तोवर आई वारली होती. "बरं झालं," आजी म्हणाल्या, आणि मग, "की नाही झालं, मला माहीत नाही."

मग त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून एक पोस्टकार्ड काढलं. १९४६ चं, वडिलांकडून आलेलं एकमेव. वर रशियन आणि फ्रेंच छापील मजकूर, रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंटची खूण, पत्त्याच्या जागी गावाचं नाव नाही, नुसता टपालपेटीचा क्रमांक. पेन्सिलीचं अक्षर, घड्यांवर पुसट झालेलं. मी बरा आहे, काम आहे, मुलगी केवढी झाली, तुझ्या आईला नमस्कार, उत्तर पाठव.

"पंचवीस शब्दांची परवानगी होती," आजी म्हणाल्या. "मोजा."

मी बोट ठेवून मोजले. जर्मन जोडशब्द आहेत, म्हणून पुन्हा मोजले. तेवीस.

"तेवीसच," आजी म्हणाल्या. "आई जन्मभर त्यावरून चिडायची त्यांच्यावर. म्हणायची, दोन शब्द होते की हातात, तेही लिहिले नाहीत मेल्याने."